कावसजीचं नाक आणि माझं कपाळ



गेली तीन वर्षं मी कुठंही बोलायला उभा राहिलो की पहिली पाच मिनिटं माझं कुणी ऐकत नाही. सगळे माझ्या कपाळाकडे बघत असतात. उजव्या भुवईच्या आतल्या टोकापासून थेट केसांपर्यंत गेलेला हा उभा व्रण. अपघात झाला होता का, पडलात का, असं विचारायचं असतं. पण वयाचा मान राखून कुणी विचारत नाही. म्हणून आज सुरुवात तिथूनच करतो. मी पडलो नव्हतो. माझ्या कपाळाची कातडी वळवून तिचं नाक केलेलं आहे. सगळं नाक नव्हे. उजवी नाकपुडी आणि तिच्या वरचा थोडा भाग.

संयोजकांनी विषय दिला आहे, ‘रुग्णाच्या नजरेतून प्लास्टिक सर्जरी’. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, पण ते तत्त्वज्ञानातलं. त्याच्या जोरावर साधी पट्टीसुद्धा बांधता येत नाही. तेव्हा मी बोलणार आहे तो रुग्ण म्हणून. आणि थोडा इतिहास सांगणार आहे, कारण माझ्यावर जी शस्त्रक्रिया झाली, तीच सव्वादोनशे वर्षांपूर्वी आपल्याच एका मराठी माणसावर पुण्याजवळ झाली होती. जगभरच्या सर्जनांना ती ठाऊक आहे. आपल्याला ती फारशी ठाऊक नाही.

त्या माणसाचं नाव कावसजी. ऐकल्यावर पारशी वाटतं ना? पण ज्या कागदावर हे नाव आलं आहे, त्यातच तो मराठा, शेतकरी जातीचा, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तो कागद म्हणजे लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापलेलं एक पत्र. खाली पूर्ण सही नाही, फक्त दोन आद्याक्षरं आहेत. त्याच पत्रात मुंबई इलाख्याच्या ज्या दोन इंग्रज डॉक्टरांचा उल्लेख येतो, त्यांपैकी फिंडले या गृहस्थांचं आडनाव ट्रिंडले असं छापलं गेलं, असं अभ्यासक मानतात. इंग्रजी मासिकात इंग्रज डॉक्टरचं नाव चुकत असेल, तर बैल हाकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या नावाचं काय झालं असेल? मूळ नाव वेगळंही असू शकेल. पण जगानं त्याला याच नावानं ओळखलं, तेव्हा आपणही कावसजीच म्हणू.

हकिगत अशी. १७९० ते १७९२ या काळात तिसरं म्हैसूर युद्ध झालं. एका बाजूला टिपू सुलतान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, पेशवे आणि निजाम. आपल्या भागातला बराचसा मुलूख तेव्हा निजामाकडे होता, म्हणजे आपणही त्या लढाईपासून फार लांब नव्हतो. लढाई म्हटली की आपल्याला घोडे आणि तोफा आठवतात. पण त्या काळचं सैन्य चालायचं ते बैलांवर. दाणागोटा, दारूगोळा, तंबू, सगळं बैलांच्या पाठीवर. कावसजी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायच्या कामावर होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हात तोडला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढं कंपनीनं त्याला निवृत्तिवेतन दिलं.

इथं इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक सावधगिरी सांगतो. ही हकिगत आपल्यापर्यंत येते ती कंपनीच्या बाजूनं, म्हणजे शत्रूच्या तोंडून. आणि नाक कापण्याची शिक्षा ही काही एका राजाची किंवा एका धर्माची मक्तेदारी नव्हती. आपल्या देशात ती फार जुनी, आणि बाहेरच्या देशांतही होती. आपल्या भाषेलाच विचारा. ‘नाक कापलं’ म्हणजे अब्रू गेली. शूर्पणखेची गोष्ट आपण पोरांना हसत हसत सांगतो. माणसाला मारायचं नाही, त्याचा चेहरा मारायचा आणि उरलेलं आयुष्य त्याला तो चेहरा घेऊन गावातून हिंडायला लावायचं, असा त्या शिक्षेचा हिशेब.

वर्षभराहून अधिक काळ कावसजी बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका माणसानं त्याला नवं नाक लावलं. त्याचं चित्र जानेवारी १७९४ मध्ये काढलं, तेव्हा शस्त्रक्रियेला दहा महिने झाले होते, असं पत्र सांगतं. म्हणजे शस्त्रक्रिया साधारण मार्च १७९३ ची. चित्र काढलं जेम्स वेल्स यांनी. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र काढणारे हेच ते. एकाच चित्रकारासमोर पेशवाही बसला आणि बैल हाकणाराही.

आता शस्त्रक्रिया कशी केली ते बघा. पत्रात ती पायरीपायरीनं दिलेली आहे, मी माझ्या शब्दांत सांगतो. आधी मेणाची पातळ पट्टी घेऊन कापलेल्या नाकाच्या जागी बसवली आणि तिला नाकाचा आकार दिला. मग ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेनं रेघ मारली. रेघेच्या आतली कातडी सोडवून घेतली. पण पूर्ण तोडली नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली. जुन्या नाकाच्या कडा खरवडून ताज्या केल्या, तिथं खाच पाडली. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवली आणि तिची कड त्या खाचेत बसवली. सांधा धरून ठेवायला काय लावलं? कात! पानात खातो तो कात, पाण्यात भिजवून, कापडाच्या पट्ट्यांवर फासून, पाचसहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस त्याला हात लावला नाही. नंतर तुपात भिजवलेली फडकी. पाचसहा दिवस रुग्णानं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी, नवी कातडी खाली रुजली की, डोळ्यांमधली ती जोडपट्टी कापून टाकायची.

पंचवीस दिवस कशासाठी थांबायचं? इथं शेतकरी मंडळी बसली आहेत, त्यांना मी शिकवायची गरज नाही. दाब कलम कसं करता तुम्ही? फांदी झाडावरून तोडत नाही. वाकवून मातीत दाबता. तिला मातीतून मुळं फुटेपर्यंत मूळ झाड पोसत राहतं. मुळं धरली की मगच मधून कापायचं. घाई केली तर फांदी वाळते. कपाळाची कातडी नाकावर आणणं म्हणजे दाब कलम. ती अरुंद पट्टी म्हणजे तिची पोसणारी फांदी. तिच्यातून रक्त येतं. डॉक्टर याला फ्लॅप म्हणतात. दुसरा प्रकार ग्राफ्टचा. त्यात मांडीवरची पातळ कातडी पूर्ण सोडवून दुसऱ्या जागी पसरतात. रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावावं तसं. त्या रोपाला खालची जमीन ओली आणि जिवंत लागते, म्हणजे जखमेच्या तळाला रक्तपुरवठा चांगला लागतो. रुग्णाला हा फरक कळला की निम्मी शस्त्रक्रिया कळली.

कावसजीला गुंगीचं औषध नव्हतं, हेही लक्षात ठेवा. ईथर देऊन शस्त्रक्रिया करण्याचं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनला झालं ते १८४६ मध्ये. कावसजी त्याच्या त्रेपन्न वर्षं आधी पडून होता. जागा.

आता माझी गोष्ट. उजव्या नाकपुडीजवळ एक फोड आला होता, मोहरीएवढा. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. दीड वर्ष मी म्हणत राहिलो, चष्मा घासतो म्हणून होतंय. शेवटी तपासायला तुकडा पाठवला तेव्हा कळलं की तो कातडीचा कर्करोग आहे, बेसल सेल जातीचा. हा कर्करोग सहसा शरीरात पसरत नाही, पण जागच्या जागी पोखरत राहतो. काढायला लागणार होता, आणि काढल्यावर भोक राहणार होतं. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात भरती झालो. आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर आला, हातात चार पानांचा इंग्रजी कागद. म्हणाला, ‘‘काका, छोटासा फ्लॅप आहे, दोन स्टेजमध्ये करू. इथं सही करा.’’ मी सही केली.

मंडळी, मी पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. विद्यार्थ्यानं एखादा शब्द अर्थ न समजता वापरला की मी त्याला वर्गात उभा करत असे. आणि स्वतःच्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र ‘फ्लॅप’ म्हणजे काय हे न विचारता सही करून मोकळा झालो. भीती वाटत होती हे एक. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, प्राध्यापक माणसानं अडाण्यासारखं काय विचारायचं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलो, तेव्हा दोन भुवयांच्या मधून नाकापर्यंत मांसाची एक वळकटी लोंबत होती. आरसा पाहिला आणि मला वाटलं, काहीतरी बिघडलं. काहीच बिघडलं नव्हतं. तीच ती जोडपट्टी. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात एक बाई बसायच्या. आपल्याच बाजूच्या, बोलण्यावरून कळतंच. स्वयंपाक करताना भाजल्या होत्या. मानेची कातडी आकसून हनुवटी छातीकडे ओढली गेली होती, वर बघता येत नव्हतं. आकसलेला भाग मोकळा करून तिथं मांडीची कातडी लावायची होती. डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनी मान खालीच ठेवून विचारलं, ‘‘सायेब, ते प्लास्टिक चुलीपुढं बसल्यावर इतळणार तर नाही ना?’’

दोघंतिघं हसले. मला मात्र हसू आलं नाही. मला लाज वाटली, माझी. अख्ख्या वॉर्डात बरोबर प्रश्न विचारणारी ती एकटी बाई होती. तुम्ही माझ्या अंगात काय घालणार आहात? आणि मी माझ्या घरी, माझ्या चुलीपुढं परत गेले की त्याचं काय होईल? याहून नेमकं काय विचारायचं असतं? डॉक्टरही चांगले होते. ते बाकावर टेकले, केसपेपरच्या पाठीवर पेनानं मान काढली, मांडी काढली, आणि सांगितलं की यात प्लास्टिक अजिबात नसतं, तुमचीच कातडी असते. मग हेही सांगितलं की लावलेली कातडी आकसायला बघते, म्हणून कित्येक महिने मानेला पट्टा लावावा लागेल, व्यायाम करावा लागेल, नाहीतर मान पुन्हा खाली येईल. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘मंग तसं आधीच सांगायचं की.’’

हा ‘प्लास्टिक’ शब्द घोळ करतो खरा. तो आपल्या बादल्या-पिशव्यांच्या प्लास्टिकहून जुना आहे. बेकेलाइट आलं १९०७ मध्ये. जर्मन सर्जन फॉन ग्रेफं यांनी आपल्या पुस्तकाला ‘ऱ्हिनोप्लास्टिक’ हे नाव दिलं १८१८ मध्ये. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ओल्या मातीला, मेणाला आकार देणं. म्हणजे मराठीत सांगायचं तर प्लास्टिक सर्जरी म्हणजे कुंभारकाम.

आणि आता गंमत बघा. कावसजीला नाक लावणारा माणूस कोण होता? पत्रात त्याची जात दिली आहे: विटा बनवणाऱ्यांपैकी. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं कुंभार. बर्लिनच्या सर्जननं ग्रीक कोशातून शब्द शोधला, त्याच्या पंचवीस वर्षं आधी पुण्याजवळ खराखुरा मातीकाम करणाऱ्यांतला माणूस ते काम करून बसला होता. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचं वर्णन आहे, याचा आपल्याला अभिमान असतो आणि असावा. पण तिथं कातडी घेतली आहे गालाची, आणि माप घेतलं आहे झाडाच्या पानाचं. पुण्यात कपाळाची कातडी आणि मेणाचं माप. मधल्या शतकांत कुठल्यातरी हातांनी हा बदल केला असणार. माझा तर्क असा की ते हात पोथी वाचणाऱ्यांचे नव्हते. ज्यांच्याकडे ग्रंथ होता त्यांनी ग्रंथ जपला, ज्यांच्याकडे कसब होतं त्यांनी कसब जपलं, आणि दोघं एका पंगतीला कधी बसले नाहीत. त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याचंही कारण तेच असावं.

लंडनमध्ये ते पत्र जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनला भिडलं. त्यांनी हिंदुस्थानातून परतलेल्यांकडे चौकशा केल्या, प्रेतांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाची कातडी घेऊन ही शस्त्रक्रिया केली. त्या अधिकाऱ्याचं नाक लढाईत गेलं नव्हतं, पाऱ्याच्या औषधानं झडलं होतं. दुसऱ्या रुग्णाचं लढाईत गेलं होतं. १८१६ मध्ये कार्प्यूंनी दोन्ही हकिगती पुस्तकरूपानं छापल्या. तेव्हापासून जगात या पद्धतीला ‘इंडियन मेथड’ म्हणतात. तोवर युरोपला ठाऊक होती ती इटालियन पद्धत. बोलोन्याच्या तालियाकोत्सी यांनी १५९७ मध्ये तिचं पुस्तक लिहिलं होतं. त्यात कातडी दंडाची घ्यायची आणि ती रुजेपर्यंत हात डोक्याला बांधून ठेवायचा. कपाळ त्यापेक्षा जवळचं, आणि त्याची कातडी नाकाच्या रंगाशी जुळते. पुढं १८८९ मध्ये जुनागडच्या डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी अशा शंभर नाकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आज माझ्या नाकासाठी सूक्ष्म टाके आले, गुंगी आली, आधाराला कानाची कूर्चा आली. पण मेणाच्या पट्टीसारखं माप, भुवईजवळची पोसणारी पट्टी आणि तीन आठवड्यांची वाट, ही तीन कामं त्या अनाम माणसाचीच.

घरी आल्यावर मी ते १७९४ चं पत्र शोधून वाचलं आणि एक गोष्ट लक्षात आली. माझ्या चार पानी संमतिपत्रानं जे मला सांगितलं नाही, ते त्या एका पत्रात होतं. कातडी कुठून घेणार? कपाळावरून. तिथं काय उरणार? व्रण, जो काळानं फिका पडतो. किती टप्पे, किती दिवस? दोन टप्पे, पंचवीस दिवस. रुग्णानं काय करायचं? उताणं पडायचं, बोळे ठेवायचे. तुमच्या घरात कुणावर असा प्रसंग आला, तर हेच चार प्रश्न विचारा. आणि पाचवा मी जोडतो: काय परत येणार नाही?

हा पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड. कारण कावसजीचा एक हातही तोडला होता, हे आपण मघाशी ऐकलं आणि विसरलो. पत्रही विसरतं. नाकाबद्दल इतकं बारीक लिहिणारा तो लेखक हाताबद्दल पुढं एक अक्षर लिहीत नाही. कारण हातावर इलाज नव्हता. बैलांची दावी धरणाऱ्या माणसाला नाक परत मिळालं, हात मिळाला नाही.

आपल्या जिल्ह्यात उभा राहून हे बोलताना मला तेर आठवल्याशिवाय राहत नाही. गोरोबाकाका कुंभारच. त्यांच्या कथेत हात तोडण्याचा प्रसंग आहे, आणि विठ्ठलाच्या कृपेनं ते हात परत येतात. लहानपणी आजीनं ही कथा सांगितली की मी विचारायचो, हात परत आले तेव्हा दुखलं का गं? आजी म्हणायची, देवानं दिलेलं दुखत नाही. मला आता त्या कथेचं मोल जास्त कळतं. गेलेलं अवयव जसंच्या तसं परत यावं, मध्ये व्रण नको, टाके नको, ही माणसाची सगळ्यात खोल इच्छा आहे. ती इच्छा कथा पुरी करते. सर्जन करू शकत नाही. सर्जन फक्त एका जागचं दुसऱ्या जागी आणतो. नाक हवं तर कपाळ द्यावं लागतं. मान हवी तर मांडी द्यावी लागते.

आपल्याला हे १९९३ नंतर तरी ठाऊक असायला हवं. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला आणि सास्तूरसारखी गावं आडवी झाली. नवी घरं झाली, गावं पुन्हा वसली. पण जुन्या गावात वाढलेल्या माणसाला विचारा, तो ‘जुनं गाव’ हा शब्द वेगळ्याच आवाजात उच्चारतो. पुन्हा वसणं खरं असतं, आणि गेलेलं गेलेलं असतं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

वर्गात मी थिसियसच्या जहाजाचं कोडं शिकवत असे. जहाजाची एकेक फळी बदलत गेलो, तर सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? मुलं तास रंगवायची. शस्त्रक्रियेनंतर कळलं, त्या कोड्यात एक प्रकार राहूनच गेला. तिथं फळी बाहेरून येते. इथं फळी त्याच जहाजाची, फक्त डेकवरची काढून तळाला मारलेली. पहिले तीन आठवडे तर फार गमतीचे. आपल्याकडे म्हणतात ना, नाकावर माशी बसू देत नाही? माझ्या नव्या नाकावर माशी बसली आणि मी फटकन हात मारला तो कपाळावर! कातडीच्या नसा अजून कपाळाशी जोडलेल्या. मेंदूला निरोप जायचा तो कपाळाचा. माझ्या मेंदूला ते नाक मान्यच नव्हतं. पट्टी कापल्यावर तो भाग बधिर झाला, आणि पुढं कित्येक महिन्यांनी हळूहळू जाणीव आली, तीही अर्धीमुर्धी. एका सकाळी तोंड धुताना पाणी नाकावर गार लागलं, नाकावर. त्या दिवशी ते माझं झालं. शस्त्रक्रिया करायला काही तास लागले होते. नाक माझं व्हायला वर्ष लागलं, आणि ते काम सर्जनचं नव्हतं, माझं होतं.

चेहरा आपला होणं हे एकट्याचं कामही नसतं. डॉ. नोशीर अंतिया यांचं नाव इथं घेतलं पाहिजे. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे चेहरे उभे करणाऱ्या हॅरल्ड गिलीज यांच्याकडे ते विलायतेत शिकले. परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी बसलेली नाकं, झडलेल्या भुवया, वाकडी झालेली बोटं यांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढं मुंबईत जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोग गोळ्यांनी बरा होऊ लागला होता. जंतू जायचे, पण बसलेलं नाक राहायचं, आणि गाव नाकाकडे बघून माणसाला बाहेर ठेवायचं. म्हणजे रोग बरा झाला तरी शिक्षा चालूच. कावसजीच्या शत्रूनं सुरीनं जे केलं, ते इथं गाव नजरेनं करत होतं. दुभंगल्या ओठाच्या लेकराची आई आजही ऐकते की ग्रहणात हिनंच काहीतरी चिरलं असेल. ओठ शिवता येतो, लवकर शिवता येतो. ते बोलणं कोण शिवणार?

शेवटाकडे येतो. वैद्यकाच्या इतिहासात सर्जनचं नाव राहतं आणि रुग्ण हरवतो. शंभर नाकं म्हटलं की आपण त्रिभुवनदास म्हणतो. ते शंभर कोण, आपल्याला ठाऊक नाही. कावसजीच्या बाबतीत उलटं झालं. सर्जन अनाम, रुग्णाला नाव आहे, चेहरा आहे, चित्र आहे. तरीही एक गोष्ट त्या पत्रात नाही. कावसजीच्या तोंडचा एकही शब्द नाही. त्याला कुणी विचारलं नाही, बाबा रे, कसं वाटलं? मेणाची पट्टी कपाळावर ठेवली तेव्हा तू काय विचारलंस? नाक घेऊन घरी गेलास तेव्हा बायकापोरं काय म्हणाली? चित्र काढताना तो त्या स्कॉटिश चित्रकारासमोर बसला, कपाळावरचा व्रण दिसेल असा. आणि गप्प राहिला, किंवा बोलला आणि कुणी लिहून घेतलं नाही.

ती रिकामी जागा मला भरता येणार नाही. पण व्हरांड्यातल्या त्या बाईंचा प्रश्न तरी मी लिहून ठेवला. आमचा शेवटचा निरोप झाला तेव्हा त्यांच्या मानेला पट्टा होता, आणि त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं. म्हणाल्या, ‘‘सर, तुमचं कपाळ लई वाईट दिसतंय.’’ मी म्हटलं, ‘‘हो, पण नाक?’’ त्यांनी नीट न्याहाळलं. म्हणाल्या, ‘‘नाक बरं झालंय.’’